आयर्लंडने क्रिकेट का सोडलं?

१७ मार्च २००७ हा दिवस क्रिकेटवेड्या दक्षिण आशियाला सहजी विसरता येणार नाही. वेस्ट इंडीजमध्ये विश्वचषक सुरू होता. त्या एकाच दिवशी बांगलादेशने भारताला आणि आयर्लंडने पाकिस्तानला हरवलं. चार वर्षांनी बेंगळुरूत केव्हिन ओब्रायनने पन्नास चेंडूंत शतक ठोकलं आणि आयर्लंडने इंग्लंडलाही धूळ चारली. दोन्ही वेळा आपल्याकडे एकच सूर होता. या देशात क्रिकेट आता कुठे पोचतंय, नवखी पोरं आहेत, तरी काय खेळली!

इतिहास मात्र उलटा आहे. १८७० च्या दशकात आयर्लंडमध्ये गावोगावी क्रिकेट खेळलं जात होतं. जमीनदारांच्या वाड्यांपुढच्या हिरवळीवर जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्या कुळाचा मुलगा एकाच संघात असत. आयरिश राष्ट्रवादाचा सर्वांत मोठा नेता चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल स्वतः हौशी क्रिकेटपटू होता. ज्या किल्केनी परगण्याचं नाव आज हर्लिंग या आयरिश खेळासाठी घेतलं जातं, तिथेही तेव्हा क्रिकेटचे भरपूर क्लब होते. म्हणजे आयर्लंडमध्ये क्रिकेट उशिरा पोचलं नाही. ते आलं होतं, रुजलं होतं, आणि नंतर ठरवून बाजूला सारलं गेलं.

जग फुटबॉल खेळत असताना काही देश आपलाच खेळ का धरून बसतात, या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर ‘परंपरा’ असं असतं. मला ते अपुरं वाटतं. जुने खेळ सगळ्याच देशांत होते. त्यातले बहुतेक मेले, थोडे जगले. जे जगले ते का जगले, हे विचारायला हवं.

आधी कोण पोचलं?

पहिलं कारण साधं आहे, वेळेचं. १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत फुटबॉल म्हणजे एक खेळ नव्हता. प्रत्येक शाळेचे, प्रत्येक गावाचे नियम वेगळे. लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली १८६३ मध्ये, आणि रग्बीची संघटना १८७१ मध्ये. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये मात्र काही क्रिकेटपटूंनी हिवाळ्यात अंग मोकळं राहावं म्हणून १८५९ मध्येच फुटबॉलचे स्वतःचे नियम कागदावर उतरवले होते. इंग्लंडचं फुटबॉल जहाजातून उतरलं तेव्हा मेलबर्नची मैदानं आधीच भरलेली होती. आजही त्या शहरात ‘फुटी’ म्हटलं की तोच लंबगोल चेंडूचा खेळ समजला जातो.

अमेरिकेची गोष्ट याहून मजेदार. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना कुणात झाला? इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया असं बरेच जण म्हणतील. तो झाला १८४४ मध्ये न्यूयॉर्कला, अमेरिका आणि कॅनडा यांच्यात. पुढे अमेरिकेने क्रिकेट सोडून बेसबॉल उचललं. पण नुसतं उचलून भागलं नाही. हा खेळ इंग्रजांच्या राउंडर्समधून आला आहे, असं म्हटलं की अमेरिकनांचा स्वाभिमान दुखावत असे. म्हणून १९०५ मध्ये खेळाच्या साहित्याचे व्यापारी अल्बर्ट स्पाल्डिंग यांच्या पुढाकाराने एक आयोग नेमला गेला. या आयोगाने एका वृद्ध माणसाच्या आठवणीवर विसंबून निकाल दिला की १८३९ मध्ये कूपर्सटाउन गावी अबनर डबलडे यांनी बेसबॉलचा शोध लावला. डबलडे पुढे यादवी युद्धातले सेनानी झाले, म्हणजे नावाला वजन होतं. अडचण एवढीच की त्या वर्षी ते वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत विद्यार्थी होते. आणि ‘बेस-बॉल’ हा शब्द इंग्लंडमधल्या मुलांच्या एका पुस्तकात १७४४ मध्येच छापलेला सापडतो. तरीही कूपर्सटाउनला १९३९ मध्ये बेसबॉलचं संग्रहालय थाटात उघडलं गेलं.

खेळाला जन्मदाखला लागतो तो इतिहासासाठी नाही, ‘हा आमचाच’ असं सांगता यावं म्हणून. कुठल्या गोष्टीला देशी म्हणायचं आणि कुठल्या गोष्टीला परकी, हे बरेचदा असंच कुणीतरी बसून ठरवलेलं असतं.

थर्ल्सची बैठक

आयर्लंडमध्ये हे ठरवण्याचं काम उघडपणे झालं, म्हणून तो देश मला अभ्यासासारखा वाटतो.

हर्लिंग हा खेळ फार जुना. अ‍ॅश झाडाच्या लाकडाची वाकडी काठी आणि चामड्याचा छोटा चेंडू. तो काठीने हवेतल्या हवेत टोलवायचा. १३६६ मध्ये इंग्रज सत्तेने किल्केनीला जे कायदे केले, त्यांत आयर्लंडमध्ये वसलेल्या इंग्रजांनी हा खेळ खेळू नये, धनुष्यबाण आणि भाला चालवायला शिकावं, असं फर्मान होतं. राज्यकर्ते आयरिश लोकांसारखे होत चालले आहेत ही भीती त्यामागे होती. बंदी घालावी लागली याचा अर्थ इंग्रज वसाहतकरी तो आवडीने खेळत होते.

हर्लिंग मोडकळीला आणलं ते कायद्याने नाही, भुकेने. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकावर रोग पडला. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. खेड्यांतली तरणी पोरंच उरली नाहीत, तिथे काठ्या कोण धरणार? जे उरले ते हळूहळू जमीनदाराच्या मैदानावर क्रिकेट शिकले.

मग १८७९ मध्ये मेयो परगण्यात मायकल डॅव्हिटने लँड लीग उभी केली आणि कुळांनी जमीनदारांविरुद्ध लढा पुकारला. त्याच परगण्यात १८८० मध्ये कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी सगळ्या गावाने व्यवहार तोडला. इंग्रजीतला बहिष्कारासाठीचा शब्द त्याच्याच नावावरून आला. ज्याला पिकाची कापणी करून द्यायची नाही, त्याच्या हिरवळीवर रविवारी बॅट घेऊन कसं जायचं? कुळ आणि जमीनदार यांचं नातं तुटलं तसं खेडोपाडी क्रिकेटच्या पायाखालची जमीनही सरकली.

१ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी परगण्यातल्या थर्ल्स गावी हेज हॉटेलात मोजकी माणसं जमली आणि गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. बोलावणारा होता मायकल क्यूसॅक. क्लेअर परगण्यातला गरीब घरचा मुलगा, मातृभाषा आयरिश, व्यवसायाने शिक्षक. डब्लिनमध्ये तो सरकारी नोकरीच्या परीक्षांचे वर्ग चालवायचा, म्हणजे इंग्रजांच्या राज्यासाठी कारकून घडवायचा. स्वतः रग्बी आणि क्रिकेट दोन्ही खेळलेला. आपला खेळ वाचवायला निघालेला माणूस परक्या खेळाशी अनोळखी नव्हता. त्याला तो आतून ठाऊक होता.

कॅशेलचे आर्चबिशप थॉमस क्रोक यांनी संघटनेला पाठिंब्याचं पत्र लिहिलं. आपण इंग्लंडचा मालच नाही तर इंग्लंडच्या लकबी आणि खेळही आयात करतोय, अशी त्यांची खंत होती. परक्या खेळांच्या त्यांच्या यादीत टेनिस, क्रिकेट, क्रोके आणि पोलो होते. या यादीपाशी मी नेहमी थबकतो. क्रोके हा खेळ इंग्लंडमध्ये आयर्लंडमधूनच गेला, असं मानलं जातं. आणि पोलो? तो तर आपला चौगान. दिल्लीचा सुलतान कुतुबुद्दीन ऐबक १२१० मध्ये लाहोरला चौगान खेळताना घोड्यावरून पडून मेला. इंग्रज चहामळेवाले आणि लष्करी अधिकारी तो खेळ मणिपुरी लोकांकडून शिकले आणि विलायतेला घेऊन गेले. मणिपूरहून निघालेला खेळ आयर्लंडला पोचेपर्यंत ‘इंग्रजी’ झाला होता!

रविवार, पॅरिश आणि रक्त

पण नुसत्या पत्रांनी खेळ जगत नाहीत. गेलिक संघटनेने तीन गोष्टी अशा केल्या की खेळ लोकांचा झाला.

पहिली गोष्ट रविवारची. तेव्हाच्या मैदानी खेळांच्या संस्था उच्चभ्रूंच्या ताब्यात होत्या. मजुरी करणाऱ्याला अनेक ठिकाणी स्पर्धेत उतरू देत नसत, आणि रविवार पवित्र म्हणून त्या दिवशी खेळ बंद. मजुराला सुट्टी मात्र रविवारचीच. गेलिक संघटनेने सामने रविवारी ठेवले आणि मजुरांना दार उघडलं.

दुसरी गोष्ट गावाची. क्लब बांधले ते पॅरिशवर, म्हणजे एका चर्चभोवतीच्या वस्तीवर, आणि त्यावर परगण्याचा संघ. १८८७ पासून परगण्यांमध्ये अखिल आयर्लंड स्पर्धा सुरू झाली. ज्या मातीत जन्मलो तिच्यासाठी खेळायचं, हा रिवाज पडला. तिसरी गोष्ट पैशाची. खेळाडूला मानधन नाही. आजही क्रोक पार्कच्या मैदानात ८२ हजार प्रेक्षकांपुढे अंतिम सामना खेळणारा सोमवारी शाळेत शिकवायला किंवा शेतावर कामाला जातो.

चौथी गोष्ट संघटनेने केली नाही, सरकारने केली. १९१८ मध्ये इंग्रज सरकारने सामन्यांसाठी परवाना सक्तीचा केला. त्यावर संघटनेने ४ ऑगस्टच्या रविवारी देशभर एकाच वेळी विनापरवाना सामने लावले. हजारो लोक खेळले, सरकार बघत राहिलं. दोन वर्षांनी, २१ नोव्हेंबर १९२० रोजी, सकाळी मायकल कॉलिन्सच्या माणसांनी डब्लिनमध्ये ब्रिटिश गुप्तहेरांना घरात घुसून ठार केलं. दुपारी सरकारी दलं क्रोक पार्कमध्ये शिरली. डब्लिन आणि टिपररी यांचा सामना सुरू होता. दीड मिनिटाच्या आसपास गोळीबार झाला आणि १४ जणांचे प्राण गेले. त्यात दहा वर्षांचा एक मुलगा होता, आणि टिपररीचा खेळाडू मायकल होगन मैदानातच कोसळला. जालियनवाला बाग त्याच्या दीड वर्ष आधीची. तेच साम्राज्य, तीच रीत.

ज्या मैदानात लोकांचं रक्त सांडलं, तिथला खेळ मग केवळ खेळ राहत नाही. ‘सगळं जग फुटबॉल खेळतं, तुम्हीही खेळा’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

खेळाची निष्ठा-चाचणी

इथवरची गोष्ट अभिमानाची आहे. पुढची सांगायला हवी.

गेलिक संघटनेने नियम केला की जो सभासद फुटबॉल, रग्बी, क्रिकेट किंवा हॉकी खेळेल, किंवा हे सामने बघायलाही जाईल, त्याला निलंबित करायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही बंदी पक्की झाली. कोण कुठल्या मैदानाबाहेर दिसला, हे पाहण्यासाठी पाळत ठेवणारी माणसं नेमली गेली. आयर्लंड स्वतंत्र झाला तरी बंदी उठली नाही.

१९३८ मध्ये तिने कळस गाठला. डग्लस हाइड हे आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष. धर्माने प्रोटेस्टंट, म्हणजे त्या देशात अल्पसंख्य. मरत चाललेल्या आयरिश भाषेसाठी त्यांनी १८९३ मध्ये गेलिक लीग काढली होती. कॅथलिक शेतकऱ्यांच्या झोपड्यांत बसून त्यांची गाणी आणि कथा लिहून घेतल्या होत्या. राष्ट्राध्यक्ष म्हणून ते त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये आयर्लंड विरुद्ध पोलंड हा फुटबॉल सामना पाहायला गेले. आपल्याच देशाचा संघ खेळत होता! पुढच्याच महिन्यात गेलिक संघटनेने त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं. आयुष्यभर केलेलं काम एका बाजूला आणि एक सामना दुसऱ्या बाजूला. पारडं सामन्याचं जड ठरलं.

हे वाचताना मला हसू येत नाही. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी ‘तू कुणाकडून?’ हा प्रश्न ज्याला शाळेत, गल्लीत, कामाच्या ठिकाणी कधीच विचारला गेला नाही, असा माझ्या पिढीतला मराठी मुसलमान मला अजून भेटायचा आहे. विचारणारा अनेकदा मित्रच असतो आणि गमतीने विचारतो. पण तोच प्रश्न शेजारच्या बाकावरच्या मुलाला विचारला जात नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं. हाइड यांच्याकडे तर सांगायला पंचेचाळीस वर्षांचं काम होतं. आठवीतल्या पोराने काय दाखवायचं?

आपण काय केलं?

आयर्लंड आणि आपण एकाच साम्राज्याखाली होतो. त्यांनी क्रिकेट नाकारलं, आपण ते घरात घेतलं. मुंबईत पारशांनी १८४८ मध्ये क्लब काढला, मग हिंदू आले, मुसलमान आले. पण आपण ते घेतलं कशाच्या आधारावर? आयर्लंडने गावावर क्लब बांधले, आपण धर्मावर. मरीन ड्राइव्हवर आजही पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने ओळीने उभे आहेत. १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी सामने भरू लागले, ते धर्माच्या संघांमध्ये. मैदानं तुडुंब भरत. गांधीजींनी १९४० मध्ये त्यावर नापसंती व्यक्त केली आणि १९४६ नंतर ते बंद पडले. त्या सामन्यांतून उत्तम खेळाडू निघाले हे खरं आहे, तसंच प्रेक्षकाला धर्माच्या बाजूने टाळी वाजवायची सवय लागली हेही खरं आहे.

देशी खेळांना नियमांत बसवण्याचं काम महाराष्ट्रातही झालं. हुतूतू आणि खो-खो यांना शिस्त आली ती इथल्या संस्थांमुळे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली.

आणि कुस्ती? ती तर मराठी मातीची शान. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूरला खासबागेचं मैदान बांधलं ते १९१२ मध्ये, मुंबईत धर्मवार चौरंगी सामने सुरू झाले त्याच वर्षी. या मातीतले शब्द जरा ऐकून पाहा. पैलवान, कुस्ती, दंगल, जोर हे फारसीतून आले. ‘वस्ताद’ म्हणजे उस्ताद. ‘तालीम’ म्हणजे अरबीतलं शिक्षण. पैलवान ज्यात उतरतो तो हौदाही मूळचा अरबी. त्याच्या शेजारी आखाडा आणि लंगोट हे अस्सल इथले शब्द. त्या हौद्यातल्या लाल मातीत कोणता कण कुणाचा, हे वेगळं करायला बसलं तर कुस्तीच होणार नाही. ज्याला आपण शंभर टक्के देशी म्हणतो, ते असं मिसळून तयार झालेलं असतं. म्हणून त्याचं देशीपण कमी होत नाही.

क्रोक पार्कची ईद

आयर्लंडने आपली बंदी अखेर १९७१ मध्ये उठवली. ब्रिटिश सैनिक आणि उत्तर आयर्लंडचे पोलीस यांना संघटनेत घ्यायचं नाही, हा नियम २००१ मध्ये गेला. क्रोक पार्कमध्ये परके खेळ नकोत, हा नियम २००५ मध्ये शिथिल झाला. २४ फेब्रुवारी २००७ रोजी त्या मैदानात इंग्लंडचा रग्बी संघ उतरला आणि जिथे १४ माणसं मारली गेली होती तिथे इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजलं. आयरिश प्रेक्षक शांत उभे राहिले. मग त्यांच्या संघाने इंग्लंडला ४३-१३ असं हरवलं. यानंतर तीन आठवड्यांनी आयर्लंडने पाकिस्तानला क्रिकेटमध्ये हरवलं.

दार उघडल्याने हर्लिंग मेलं का? नाही. गेलिक संघटनेचे आज दोन हजारांहून अधिक क्लब आहेत. बंदीने खेळ जगवला, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे. खेळ जगवला तो रविवारने, गावाने आणि फुकट राबणाऱ्या माणसांनी.

झॅक मोरादी हा कुर्द मुलगा १९९१ मध्ये इराकमधल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मला. अकरा वर्षांचा असताना आयर्लंडच्या लीट्रिम परगण्यात आला. आयुष्यात कधी न पाहिलेली काठी त्याने तिथे हातात घेतली. २०१९ मध्ये तो लीट्रिमकडून क्रोक पार्कमध्ये खेळला आणि त्याच्या संघाने लोरी मार करंडक जिंकला. हा हर्लिंगचा मोठा करंडक नाही, खालच्या श्रेणीचा आहे. पण परगण्याचा रंग अंगावर होता. मेयो परगण्यातल्या बॅलिहॉनिस या छोट्या गावात हलाल मांसाच्या कारखान्यामुळे पाकिस्तानी कुटुंबं वसली आणि १९८० च्या दशकात तिथे मशीद उभी राहिली. हा तोच मेयो, जिथे लँड लीग आणि बहिष्कार जन्मले. तिथल्या मुसलमान घरांतली मुलंही हर्लिंगच्या मैदानात दिसतात.

आणि २०२० साल. कोरोनामुळे मशिदींत गर्दी करता येत नव्हती. ३१ जुलैला बकरी ईद होती. आयर्लंडच्या मुसलमानांनी मोकळी, ऐसपैस जागा मागितली आणि गेलिक संघटनेने क्रोक पार्क दिलं. सुमारे दोनशे जणांनी त्या हिरवळीवर अंतर राखून नमाज पढली. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट धर्मगुरू शुभेच्छा द्यायला आले होते.

ज्या संस्थेने एकेकाळी आपल्या राष्ट्राध्यक्षाला एका फुटबॉल सामन्यासाठी दूर केलं, त्याच संस्थेने आपलं सर्वांत पवित्र मैदान नव्याने आलेल्या, मूठभर लोकांना नमाजेसाठी खुलं केलं. यात ऐंशी-ब्याऐंशी वर्षं गेली. तेवढ्या काळात हर्लिंग हर्लिंगच राहिलं. ‘आपला’ या शब्दात कोण कोण येतं, हे बदललं.

आपला खेळ जपावा, जरूर जपावा. गल्लीत खो-खो चालावा, तालमींना खुराकाचे पैसे मिळावेत, मुलींनाही हौद्यात उतरू द्यावं. फक्त त्या मैदानाच्या फाटकावर कुणी निष्ठेची पावती मागत उभं नसावं. आत येणारा कुठून आला, हे खेळाला कळत नाही. तो किती वेळ टिकतो, एवढंच कळतं.